डेल्बर्ट यॅन्सीची पोटगी

समजा, तुम्हाला मत द्यायचं आहे. टेनेसी राज्यात, आमच्या ब्रँट काउंटीत. तुम्ही कधीकाळी एक चोरीचं इंजिन विकत घेऊन विकलंत, पकडले गेलात, तुरुंगात गेलात आणि शिक्षा पुरी करून बाहेर आलात. आता मताचा हक्क परत मिळवा. आधी एक अर्ज आणा. तो तुम्ही भरायचा नाही, तुमच्या पॅरोल अधिकाऱ्यानं भरायचा. तो निवृत्त होऊन फ्लोरिडात मासे पकडत बसला असेल, तर त्याच्या खुर्चीत आलेल्या माणसानं भरायचा, ज्यानं तुमचं तोंडही पाहिलेलं नाही. मग कोर्टात जाऊन खर्च चुकता केल्याची सही आणा. ती बाई रजेवर असेल. पुन्हा जा. या सगळ्या कचेऱ्या तुमच्या कामाच्या वेळेतच उघड्या असतात आणि तुम्ही जेवणाच्या सुट्टीत धावत पोहोचलात की त्याही जेवायला गेलेल्या असतात. हे सगळं पार पडलं की शेवटचं दार पोराच्या पोटगीचं. तिथे बाकी निघाली की संपलं. मागच्या सगळ्या सह्यांचा कागद घरी नेऊन त्यात मासळी गुंडाळा.

झालं करून? आता हेच डेल्बर्ट यॅन्सी होऊन करून बघा.

डेल्बर्ट हा काही संतमाणूस नव्हे, हे आधीच सांगतो. आमच्या कॅल्डर्स फेरी गावात सायलेन्सर बसवण्याचं दुकान आहे, तिथे तो वेल्डिंग करतो. उंच, वाकलेला, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भुवया अर्ध्या जळालेल्या. तोंडात कायम बढाई. तीन गल्ल्यांपलीकडून गाडी येत असली तर नुसत्या आवाजावरून तिचा मालक सांगतो, असं तो म्हणायचा. त्यावर न्हाव्याच्या दुकानात लोक म्हणायचे, "आवाजावरून मालक ओळखतोस, मग ते इंजिन कोणाचं होतं ते कसं नाही रे ओळखलंस?" त्या इंजिनापायी चार वर्षं आत गेली. मूर्खपणा होता. विकणाऱ्यानं भाव निम्म्याहून कमी सांगितला तेव्हा शेंबड्या पोरालाही कळलं असतं. डेल्बर्टला कळलं होतंच. त्याला वाटलं, आपल्याला कोण विचारतंय.

त्याची दुसरी चूक मात्र एकट्याची नव्हती. ती आमच्या सगळ्यांची होती.

आमच्या काळ्या लोकांच्या वस्तीत बापानं पोटगी द्यायची ती हातात. शुक्रवारी पगार झाला की संध्याकाळी पोराच्या आईच्या पायऱ्यांशी जायचं, टोपी काढायची, पैसे तिच्या हातात ठेवायचे, पोराच्या डोक्यावरून हात फिरवून निघायचं. आईशी बोलणं बंद असेल तर चर्चमधल्या एखाद्या म्हातारीकडे द्यायचे. कोर्टामार्फत पोटगी फक्त त्यांची जायची, ज्यांना शेरीफनं धरून आणलेलं असायचं. कोर्टाच्या खिडकीत पैसे भरणं म्हणजे आपल्या घरातली भांडणं चार गोऱ्या बायकांच्या टेबलावर नेऊन मांडणं. स्वाभिमानी माणूस ते करत नसे. डेल्बर्टला त्याच्या बापानं हेच शिकवलं आणि त्याच्या बापाला त्याच्या बापानं.

तर डेल्बर्ट हातात देत राहिला. मार्लिसा ही त्याची एकुलती एक मुलगी. तिच्या आईचं, अर्नेस्टीनचं आणि त्याचं कधीच पटलं नाही, लग्न तर झालंच नाही, पण शुक्रवार चुकला नाही. छप्पर गळायला लागलं तेव्हा त्यानंच पत्रे चढवले. मार्लिसाचे दात पुढे यायला लागले तेव्हा तारा बसवायला पैसे त्यानंच दिले. कोर्टानं मध्ये कधीतरी पोटगीचा आकडा ठरवून दिला होता, पैसे अमुक खिडकीत भरा असंही सांगितलं होतं. डेल्बर्टनं तो कागद वाचला आणि शुक्रवारी अर्नेस्टीनच्या पायऱ्यांशी गेला.

मग तो आत गेला. आत त्याला कपडे धुण्याच्या कामाचे तासाला काही सेंट मिळत. पोटगीचा आकडा मात्र बाहेरच्या वेल्डरच्या पगाराचा होता, तोच राहिला. तो कमी करून घ्यायला अर्ज करावा लागतो, हे त्याला कोणी सांगितलं नाही. ज्यांचं ते कामच होतं त्यांनीही नाही. बाकी वाढली, बाकीवर व्याज चढलं. बाहेर आल्यावर त्याच्या पगारातून परस्पर कपात सुरू झाली. ती व्याजातच जायची. डेल्बर्टनं कधी विचारलं नाही. कापतायत ना, मग फिटत असेल, असा त्याचा हिशेब. याला आळस म्हणा.

हे असंच चाललं असतं, पण मार्लिसा निवडणुकीला उभी राहिली.

ती शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक बघते. स्लू रोडवरचा पूल काउंटीनं बंद करून ठेवला होता आणि दुरुस्तीचं नाव काढत नव्हती, त्यामुळे तिच्या बसगाड्या रोज लांबचा वळसा घालत होत्या. लहान पोरं अंधारात उठून बसची वाट बघत उभी राहायची. ती तक्रारी करून थकली आणि शेवटी काउंटीचा कारभार बघणाऱ्या कमिशनच्या जागेसाठी तिनं स्वतःचंच नाव भरलं. त्या दिवशी डेल्बर्टनं न्हाव्याच्या दुकानात सगळ्यांना सोडा पाजला. "पहिलं मत माझं," तो म्हणाला. "आजवर कोणासाठी रांगेत उभा राहिलो नाही, हिच्यासाठी राहणार."

मग त्यानं तो अर्ज आणला. पॅरोलची सही झाली, कोर्टाची झाली. सगळे कागद घेऊन तो निवडणूक कचेरीत मिस लोरेटांकडे गेला. मिस लोरेटा त्या टेबलामागे इतकी वर्षं बसल्यात की टेबलच त्यांच्याभोवती बांधलं असावं असं वाटतं. स्वभावानं गोड. नाही म्हणायची वेळ आली की आणखी गोड होतात.

"मिस्टर डेल्बर्ट, किती व्यवस्थित आणलेत हो कागद! फक्त एकच राहिलंय बघा. पोटगीचं."

"कोणाची पोटगी?"

"तुमच्या लेकराची."

"मला एकच लेकरू आहे, मिस लोरेटा. ती बाहेर गाडीत बसलीय. तुमच्या मागे भिंतीवर उमेदवारांची नावं लावलीत ना, त्यात तिसरं तिचं."

"हो ना, फार गुणी मुलगी! पण तिची पोटगी थकलेली दिसतेय."

"ती चौतीस वर्षांची आहे."

"थकबाकीला वय नसतं, मिस्टर डेल्बर्ट," असं म्हणून त्यांनी त्याच्यापुढे पेपरमिंटच्या गोळ्यांची वाटी सरकवली.

डेल्बर्टनं गोळी घेतली. हेच मला त्याचं आवडत नाही. मी असतो तर वाटी पालथी घातली असती.

पोटगीची कचेरी कोर्टाच्या मागच्या अंगाला आहे. तिथे केनर नावाचा एक तरुण अधिकारी बसतो. गळ्यात टाय, टायवर लहान लहान बदकं. डेल्बर्ट तिथे गेला त्या दिवशी अर्नेस्टीन स्वतःहून आली होती. ती म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करते. दोन घरांच्या मध्ये वेळ काढून, कामाच्या कपड्यांतच आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बाळा, मी माफ करायला आलेय. याला नाही. पैशाला."

"मॅडम, बसा ना."

"बसायला आले नाही. याला मत देऊ दे. मत माझ्या पोरीला जाणार आहे म्हणून सांगतेय. नाहीतर हा माणूस विहिरीत पडला असता तरी मी दोर शोधायला सावकाश गेले असते."

डेल्बर्ट टोपी हातात घेऊन बदकांकडे बघत उभा.

केनरनं कॉम्प्युटरचा पडदा वळवून दाखवला. "यातला तुमचा जो भाग आहे तो तुम्ही सोडू शकता. पण उरलेला राज्याचा आहे."

"राज्याचा? पोर काय राज्यानं काढलं पोटातून?"

"मिस्टर यॅन्सी आत असताना तुम्ही सरकारी मदत घेतलीत. त्या काळातली पोटगी तुम्ही राज्याच्या नावे करून दिलीय. ही तुमची सही."

"अरे, पोरीला दूध नव्हतं! त्या दिवशी त्या बाईनं माझं मूत्रपिंड मागितलं असतं तरी मी सही केली असती."

"मला समजतंय, मॅडम."

"तुला काही समजत नाहीये. बरं, ते राहू दे. यानं माझ्या हातात जे दिलं, आत जाण्याआधी, त्याचं काय? मी चर्चमध्ये बायबलवर हात ठेवून सांगते, दर शुक्रवारी दिलंय. ते वजा कर की त्यातून."

केनरनं मान हलवली. "खिडकीतून न आलेले पैसे आम्ही पोटगी धरत नाही. ती भेट धरली जाते."

"भेट?"

"हो. स्वखुशीनं दिलेली भेट."

अर्नेस्टीन सावकाश डेल्बर्टकडे वळली. "ऐकलंस का, डेल्बर्ट यॅन्सी? तू मला भेटी देत होतास. इतकी वर्षं माझ्यावर प्रेम करत होतास आणि एका शब्दानं बोलला नाहीस!"

"मला पण आत्ताच कळतंय," डेल्बर्ट म्हणाला.

"आणि पोरीच्या दातांच्या तारा? त्या पण मला भेट? छपराचे पत्रे? मेल्या, एकदा फुलं तरी आणायची होतीस!"

केनरला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. ते दाबायलाच त्याला पगार मिळतो. त्याच्यासमोरच्या पडद्यावर खिडकीतून आलेल्या पैशांसाठी जागा होती. पायऱ्यांशी दिलेल्या पैशांसाठी नव्हती. ज्या कोणी शहाण्यानं तो प्रोग्रॅम लिहिला, त्याला आमच्या वस्तीतले शुक्रवार माहीत नव्हते. आणि माहीत करून घ्यावेत असं त्याला किंवा त्याला काम देणाऱ्यांना एकदाही वाटलं नाही. राज्यानं बापाला आत टाकलं, कमाई बंद केली, मग आईला दूध दिलं, मग त्या दुधाचं बिल बापावर व्याजासकट चढवलं, आणि बिल थकलं म्हणून त्याचं मत ठेवून घेतलं. एखाद्या सावकारानं हे केलं असतं तर गावानं त्याच्या दारात चिखल फेकला असता. इथे दारावर राज्याची मोहोर आहे.

अर्नेस्टीननं आपला भाग सोडला. राज्याचा भाग राहिला, आणि तो डेल्बर्टच्या जुन्या ट्रकच्या किमतीहून मोठा होता.

जुलैत आगाऊ मतदान सुरू झालं आणि रस्टी कॉलिअर सायलेन्सर बदलायला दुकानात आला. रस्टीची ओळख करून द्यायला नको वाटतं, पण दिली पाहिजे. दोन बायकांपासून तीन पोरं. एकाही पोराला त्यानं चपलेचा जोड घेऊन दिलेला नाही. पगारातून कपात लागली की नोकरी सोडतो, नदी ओलांडून अर्कान्सासला जातो, तिथे कपात पोहोचली की परत येतो. त्याची थकबाकी ऐकून केनरसुद्धा डोळे मिटून घेतो म्हणे. पण रस्टी कधी तुरुंगात गेला नाही. त्यामुळे त्याच्या मताला कोणी हात लावत नाही. पोरं उपाशी ठेवल्यानं आमच्याकडे मत जात नाही. ते जातं गुन्ह्यापायी, आणि मग परत येताना पोटगीच्या दारात त्याला अडवतात.

रस्टीच्या शर्टावर मत दिल्याचा गोल स्टिकर होता. डेल्बर्ट गाडीखाली होता.

"यॅन्सी! तुझ्या पोरीला दिलं बरं का मत. तुला देता येत नाही असं ऐकलं. तुझ्याऐवजी मी दिलं असं समज."

गाडीखालून पान्याचा आवाज येत राहिला.

"अरे, निदान आभार तरी मान."

"रस्टी," डेल्बर्ट खालूनच म्हणाला, "तुझं पोर कसं आहे?"

"कुठलं?"

डेल्बर्ट बाहेर आला. त्यानं हात पुसले, किल्ली रस्टीच्या हातात दिली आणि म्हणाला, "झालं काम. यापुढे ही गाडी दुसरीकडे ने."

"का? मी काय केलं?"

"काहीच नाही. तेच म्हणतोय."

त्याच संध्याकाळी मार्लिसा दुकानात आली. तिनं बँकेतून रक्कम काढायचं ठरवलं होतं. घरासाठी साठवलेली.

"डॅडी, मी भरते. उद्या भरलं तर अर्ज वेळेत जाईल. मिस लोरेटांना विचारून आलेय."

"कशाचे भरतेस?"

"तुमच्या थकबाकीचे."

"म्हणजे कशाचे?"

"माझ्या पोटगीचे," ती म्हणाली. बोलल्यावर तिलाच हसू आलं, आणि मग आलेलं हसू तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी डेल्बर्ट केनरकडे गेला आणि पैसे कोणाला भरता येतात ते विचारलं.

"कोणीही भरू शकतं," केनर म्हणाला. "नातेवाईक, मित्र, चर्च."

"आणि पोर?"

"कुठलं पोर?"

"जिच्या पोटगीचे पैसे आहेत ती पोर."

केनरनं पडद्यावर शोधून पाहिलं. मग म्हणाला, "सिस्टिमला त्याची काही अडचण नाही, सर."

डेल्बर्ट परत आला आणि मुलीला नको म्हणाला. मार्लिसा चिडली. दुकानाच्या दारातच चिडली, लोकांसमोर.

"सगळ्या गावाला सांगत फिरलात, पहिलं मत माझं म्हणून! मला ते मत पाहिजे, डॅडी. तुमचा ताठा नको."

"तुझ्या दुधाचे पैसे तुझ्याचकडून घेऊ?"

"दूध पिऊन झालंय! वीस वर्षं झाली!"

"मला माहीत आहे. त्यांना सांग की."

तिनं गाडीचं दार आपटलं. त्या मुलीची बाजू मला पटते. पैसे तिचे, निवडणूक तिची, बाप तिचा. पण डेल्बर्ट हटला नाही. याला ताठा म्हणा, मी पण म्हणतो. पायऱ्यांशी टोपी काढून उभा राहणारा ताठा तोच होता.

ऑगस्टमध्ये मतदानाच्या दिवशी तो चर्चची व्हॅन चालवत होता. म्हाताऱ्यांना घरून उचलायचं, मतदान केंद्रावर सोडायचं, परत न्यायचं. प्रचाराची हद्द दाखवणारी पाटी लावलेली होती, तिच्या अलीकडे तो व्हॅन उभी करायचा आणि पुढे पाऊल टाकायचा नाही, जशी ती पाटी त्याच्याचसाठी ठोकली होती. मिस युडोरा, नव्वदीच्या, काठी टेकत उतरल्या आणि थांबल्या.

"डेल्बर्ट, तू नाही येत का रे? तुझ्याच पोरीचं नाव आहे ना?"

"गाडी बघतो, मिस युडोरा."

"गाडी कोण चोरतंय ही? हिला सायलेन्सर पण नाही."

"जा तुम्ही. ऊन फार आहे."

मार्लिसा निवडून आली. चांगल्या मतांनी आली. न्हाव्याच्या दुकानात कोणीतरी म्हणालं, "बघ यॅन्सी, तुझ्या मतावाचून काही अडलं नाही." डेल्बर्ट खुर्चीतून उठला, अर्धे केस कापलेले तसाच. "तिचं नाही अडलं," तो म्हणाला. "माझं अडलं." आणि परत बसला.

सप्टेंबरात नव्या कमिशनची पहिली सभा भरली. सभेच्या सुरुवातीला लोकांना बोलायला वेळ असतो. कोणीही यावं, नाव आणि पत्ता सांगावा, तीन मिनिटं बोलावं. कोणी खड्ड्यांबद्दल बोलतं, कोणी शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल. मत देता येतं का, हे तिथे कोणी विचारत नाही. डेल्बर्ट इस्त्रीचा शर्ट घालून माइकसमोर उभा राहिला. समोर उंच बाकामागे मार्लिसा बसली होती, नावाची नवी पाटी पुढ्यात. मागच्या रांगेत अर्नेस्टीन, पर्स मांडीवर.

"डेल्बर्ट यॅन्सी. कॉटन जिन रोड," तो म्हणाला. "माझं पोटगीबद्दल आहे."

अध्यक्ष माइककडे झुकले. "मिस्टर यॅन्सी, तो विषय राज्याचा आहे. काउंटीच्या हातात नाही."

"माहीत आहे, साहेब. राज्याला विचारलं मी. तिकडे फोन धरून ठेवायला सांगतात आणि नुसती गाणी वाजवतात."

सभागृहात हसू पसरलं. अध्यक्षांनी हात हलवला. बोला म्हणाले, वेळ तुमचाच जातोय.

"कमिशनर यॅन्सी," डेल्बर्ट म्हणाला. मार्लिसानं मान वर केली. बापाच्या तोंडून हे नाव तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. "माझ्या पगारातून अजून पोटगी कापतात. माझं मत त्यापायी अडवून ठेवलंय, ते ठीक, पुढच्या वेळी बघू. मला एकच पोर. ती तिथे बसलीय आणि जेवलेली दिसतेय. तिच्या आईनं तिचा भाग सोडला, ती मागे बसलीय. माफ मला केलेलं नाही, तेवढं सांगतो, नाहीतर ती उठून सांगेल."

"सांगेनच," अर्नेस्टीन मागून म्हणाली.

"तर कपातीच्या कागदावर अजून लिहिलेलं असतं, मुलाच्या पालनपोषणासाठी. माझी तक्रार नाही. माझा एक प्रश्न आहे, आणि अजून एकाही कचेरीनं त्याचं उत्तर दिलेलं नाही. हे पैसे ज्या लेकराच्या पोटात जातात, ते लेकरू कोण आहे?"